तांबट आळीतील खलाशी

पुण्यास प्रथमच येणारा परगावचा पाहुणा शनिवारवाडा पाहतो, पर्वती चढून उतरतो, तुळशीबागेत बायकामंडळींची खरेदी होईपर्यंत खांबाशी उभा राहतो आणि पुणे पाहून झाले असे समजून परत जातो. कसबा पेठेत तो शिरलाच तर ग्रामदैवत गणपतीच्या दर्शनापुरता. शेंदराने मढलेल्या त्या मूर्तीपुढे हात जोडून तो आल्या वाटेने निघून जातो. त्यात त्याचा दोष नाही. कसब्यात पाहण्यासारखे जे आहे ते दिसण्यापेक्षा ऐकू येणारे अधिक होते, आणि तेही आता विरळ झाले आहे.

कसबा हा पुण्याचा मूळ गाभा. इतर पेठा त्याच्या भोवती मागाहून वसल्या. पुण्याचे जुने लेखी उल्लेख शोधू लागले म्हणजे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या ताम्रपटांपर्यंत जावे लागते. इ. स. ७५८ आणि ७६८ या सालांच्या त्या दानपत्रांत हा प्रदेश पुण्यविषय, पुनकविषय या नावांनी आला आहे. म्हणजे या गावाचा जन्मदाखला तांब्यावर कोरलेला आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

गणपतीपासून दोनचार वळणे घेतली की तांबट आळी लागते. आमच्या लहानपणी वळणांची खूण सांगावी लागत नसे. पहाटे काकड आरती संपते न संपते तोच ठोक्यांस सुरुवात होई, ती दिवेलागणीपर्यंत चाले. बंब, घंगाळे, हंडे, कळशा, तपेली यांवर हातोड्याचे ठोके ओळीने उमटत जात. या कामास मठारणे म्हणतात. पत्र्यावर उठलेली ती बारीक चकचकीत ठोक्यांची नक्षी केवळ शोभेची नव्हे. ठोक्याने तांबे घट्ट होते आणि भांडे पोचा येऊ न देता वर्षानुवर्षे टिकते. परका मनुष्य या आवाजाने हैराण होई. आम्हांस मात्र आवाज थांबला म्हणजे आज कोणाकडे काही झाले की काय, अशी शंका येई.

ही मंडळी मूळची कोकणची, असे त्यांच्यातील वृद्ध सांगतात, आणि स्वतःस त्वष्टा कासार म्हणवितात. संस्कृत शिकविण्यात आयुष्य गेल्यामुळे आम्हांस या नावाचे नेहमी कौतुक वाटत आले. इंद्रासाठी वज्र घडविणारा वेदांतील देवांचा कारागीर तो त्वष्टा. वृत्रवधाचे श्रेय इंद्राकडे गेले आणि सूक्तेही त्याचीच झाली. त्वष्ट्याच्या वाट्यास त्यातल्या एखाद्या चरणापुरता उल्लेख आला. असो.

या आळीत एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांस सारी आळी 'खलाशी' म्हणे. आमच्या वाड्यातील बंबाचे काम तेच करीत, म्हणून आम्ही मुले त्यांस तांबटआजोबा म्हणत असू. खलाशी हे नाव कोठून आले हे आम्ही आईस विचारले तेव्हा ती म्हणाली, "अरे, ते लढाईत बोटीवर होते." आमच्या बालमनाने लगेच तोफा, शिडे आणि वादळे यांची आरास मांडली. पुढे कळले की आजोबांचे सारे समुद्रपर्यटन तीन दिवसांचे होते. दुरुस्त केलेली एक बोट तपासणीसाठी बंदराबाहेर नेली तेव्हा तिच्यावर ते होते. त्या तीन दिवसांत अन्न पोटात ठरले नाही, असे ते स्वतःच हसत सांगत.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात सक्तीची सैन्यभरती नव्हती, हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले आहे आणि ते खरेही आहे. पंचवीस लाखांवर पोहोचलेले ते सैन्य नावापुरते तरी स्वेच्छेचे होते. दुष्काळ आणि बेकारी या दोन सुभेदारांनी किती जणांस भरती केले हा प्रश्न निराळा. परंतु सक्ती अगदीच नव्हती असे नाही. १९४० साली सरकारने कुशल कारागिरांच्या राष्ट्रीय सेवेचा एक वटहुकूम काढला. त्यान्वये कारखान्यांतील लोहार, जोडारी, तांबट, यंत्रकाम जाणणारे यांची नोंद घेऊन, न्यायमंडळाच्या हुकुमाने त्यांस युद्धकार्याच्या कामावर पाठविता येत असे आणि तेथून परवानगीवाचून निघता येत नसे. सैनिकास नाही म्हणता येत होते, कारागिरास येत नव्हते! हा भाग शाळेच्या पुस्तकात नव्हता. तो आम्हांस तांबट आळीत कळला.

आजोबा आळीतल्या भट्टीवरच राहिले असते तर कदाचित सुटले असते. परंतु घरी भाऊ तीन आणि भट्टी एक, म्हणून ते लग्नानंतर एका कारखान्यात लागले होते. तेथे नाव नोंदले गेले आणि १९४२ च्या पावसाळ्यात हुकूम आला. मुंबईच्या नौदल गोदीत तांबटकामासाठी हजर व्हावे, असा त्याचा मजकूर होता. तेव्हा त्यांचे वय चोवीस. पुणे सोडून आळंदी आणि जेजुरी एवढाच त्यांचा प्रवास झालेला होता. आईने कसब्याच्या गणपतीचा अंगारा पुडीत बांधून दिला आणि 'पाण्यावर जाऊ नकोस' एवढी एकच अट घातली.

त्या माउलीस धर्मशास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण तिची अट शास्त्रातलीच होती. बौधायनाने समुद्रगमन हे पातित्य आणणाऱ्या कर्मांत घातले आहे; पुढे कलिवर्ज्यांच्या यादीतही ते आले. गंमत अशी की त्याच बौधायनाने उत्तरेकडील लोकांचे जे आचार सांगितले आहेत त्यांतही समुद्रावर जाणे आहे. म्हणजे लोक जात होते, म्हणूनच निषेध करावा लागला. आमच्या ज्ञातीतील कित्येकांनी विलायतेहून परतल्यावर प्रायश्चित्ते घेतली आणि त्यांवर वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे वाद झाले. तांबटाच्या मुलास मात्र कोणी प्रायश्चित्त विचारले नाही आणि त्यावर अग्रलेखही निघाला नाही.

वास्तविक कसब्यास समुद्राचे इतके वावडे असण्याचे कारण नव्हते. ज्याने मराठ्यांचे आरमार उभे केले त्याचे बालपण याच पेठेतील लाल महालात गेले. कल्याण-भिवंडी १६५७ साली हाती आल्यावर महाराजांनी खाडीत जहाजे बांधावयास घेतली. त्या कामावर रुइ लेतांव व्हिएगश नावाचा फिरंगी आणि त्याचे कारागीर होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांस फितविले आणि ते काम टाकून निघून गेले. तरी आरमार झाले, आणि १६६४ साली सिंधुदुर्गाचा पायाही घातला गेला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे जे प्रकरण आहे ते घरोघरी वाचले जावे असे आम्हांस वाटते. जहाजासाठी लाकूड लागते हे खरे. पण आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात. म्हणून धन्यास राजी करून, मोल देऊन मगच ती तोडावी, बळजोरी करू नये, असा त्यातील आशय आहे. झाडाच्या धन्याची संमती घ्यावी असे ज्या राज्यास वाटले, त्याच भूमीत सव्वादोनशे वर्षांनी हाताच्या धन्यास कोणी विचारले नाही.

आणि त्या आरमाराचा शेवट कोणी केला? लाल महालापासून हाकेच्या अंतरावर शनिवारवाडा आहे. तेथे बसून नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांस मोडण्यासाठी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ साली सुवर्णदुर्ग पडला आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांची गलबते जळून गेली. तुळाजी उद्दाम होते, पेशव्यांची आज्ञा मानीत नव्हते, हे सर्व कबूल. तरीही स्वतःचे आरमार परक्याच्या तोफांनी जाळविणे यास मुत्सद्देगिरी म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. आमचे कित्येक स्नेही या मतामुळे आमच्यावर रुष्ट आहेत.

पुन्हा आजोबांकडे वळू. तांबट आणि लढाऊ जहाज यांचा संबंध काय, असे वाचकांस वाटेल. शिडांच्या काळी जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे मारीत, कारण समुद्रातील किडा लाकूड पोखरतो आणि शिंपले चिकटून गती मंदावते. तांब्यापुढे दोहोंचे काही चालत नाही. पुढे जहाजे लोखंडाची झाली, तरी त्यांच्या पोटात तांब्याच्या नळ्यांचे जाळे राहिले. खाऱ्या पाण्यास तांबे लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक टिकते आणि जहाजातील अडचणीच्या जागेत हवे तसे वळविता येते. हे वळविणे म्हणजेच आजोबांचे काम. पोकळ नळी तशीच वाकविली तर कोपऱ्यात चिमटते. म्हणून तिच्यात आधी पातळ केलेली राळ ओतावयाची, ती थिजून घट्ट झाली म्हणजे नळी भरीव कांबीसारखी वाकते; मग ऊन देऊन राळ काढून घ्यावयाची. ठोकून कडक झालेले तांबे तापवून लाल केले की पुन्हा मऊ होते; मग ते पाण्यात बुडविले तरी पोलादाप्रमाणे कडक होत नाही. ही विद्या आळीतल्या पोरासही ठाऊक असते. गोदीतील गोऱ्या फोरमनने पहिल्या दिवशी एक वाकडी नळी पुढे टाकून तशीच दुसरी करण्यास खुणेने सांगितले. आजोबांनी माप न घेता, डोळ्यांनी पाहून ती केली. फोरमनने दोन्ही नळ्या एकीवर एक ठेवल्या आणि काही न बोलता आपली विडी पुढे केली. "मी विडी ओढत नव्हतो मास्तर, पण ती घेतली," असे ते सांगत. आम्ही शिक्षक झाल्यापासून ते आम्हांस मास्तर म्हणू लागले होते आणि आमच्या विनवणीस न जुमानता अहोजाहो करीत.

त्याच सुमारास अमेरिकेने नौदलात बांधकामाची स्वतंत्र पथके काढली. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक त्यांस सीबीज म्हणू लागले. पहिल्या भरतीत सुतार, गवंडी, नळजोडारी असे पिकले कारागीर पुष्कळ होते आणि त्यांचे सरासरी वय सदतीस होते. १९४२ च्या अखेरीपासून मात्र सक्तीच्या भरतीतूनच माणसे येऊ लागली. पॅसिफिकमधील बेटांवर त्यांनी धक्के आणि विमानतळ बांधले. तीन लाखांवर माणसे त्या पथकांतून गेली, त्यांवर चित्रपट निघाले, ग्रंथ लिहिले गेले. आमच्या गोदीतील कारागिरांवर काय निघाले? एका आळीत एक टोपणनाव.

१४ एप्रिल १९४४ चा दिवस शुक्रवारचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज दोन दिवसांपूर्वी येऊन लागले होते. त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, आठ हजारांवर कापसाच्या गासड्या आणि पेट्यांतून सोन्याच्या विटा होत्या. कापूस आणि दारू एका पोटात भरणाऱ्यांच्या शहाणपणाविषयी काय लिहावे? दुपारी धूर दिसला. बंब आले, पाणी मारले, पण आग सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि चार वाजून चौतीस मिनिटांनी दुसरा, त्याहून मोठा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. आग विझविणारे सहासष्ट जवान गेले. एकंदर मृतांचा आकडा आठशे ते तेराशे असा निरनिराळा देतात. सुमारे मैलभर अंतरावरील एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून सोन्याची वीट येऊन पडली आणि त्याने ती सरकारास परत केली. १४ एप्रिल हा दिवस आपल्याकडे अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो याच स्मरणार्थ.

आजोबा त्या वेळी नौदल गोदीत, दक्षिणेस काही अंतरावर होते. भट्टीवरचे भांडे उडाले आणि खिडक्यांच्या काचा आत आल्या, एवढेच त्यांस पहिल्या स्फोटाचे स्मरण. दुसऱ्याच्या वेळी ते जमिनीवर पडून होते. इकडे पुण्यास काय कळले? वृत्तपत्रांस बंदी होती. सविस्तर बातमी छापण्यास मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात परवानगी मिळाली. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांतून माणसे भरभरून येत होती आणि प्रत्येक जण निराळे सांगत होता. आजोबांच्या पत्नी तेव्हा पहिल्या खेपेच्या होत्या. अकरा दिवस पत्र नाही. अकराव्या दिवशी सासूने विचारले की आता काय करावयाचे. आणि त्या सतरा वर्षांच्या मुलीने उत्तर दिले की कुंकू पुसण्यास मला कागद दाखवा. बाराव्या दिवशी कार्ड आले. त्यात 'खुशाल आहे, काम फार आहे' एवढेच होते.

काम फार होते हे खरे. सुमारे आठ हजार माणसे सात महिने राबली आणि पाच लाख टन राडारोडा उपसला, तेव्हा त्या गोद्या पुन्हा चालू झाल्या. निरनिराळ्या कारखान्यांतून कारागीर तिकडे धाडले गेले, त्यांत आजोबाही. बुडालेल्या जहाजांतून उपयोगी नळ्या, झडपा, पत्रे कापून काढावयाचे आणि धक्क्यावरील तुटलेले सांधावयाचे, हे त्यांचे काम. त्यांस सर्वांत जास्त आठवे तो वास. जळलेल्या धान्याची पोती आठवडेच्या आठवडे धुमसत होती. आदल्याच वर्षी बंगालात माणसे अन्नावाचून मेली होती. "तांदूळ जळाल्याचा वास घरात आला की मी अजून उठून बाहेर जातो," असे ते म्हणत. आणि आम्ही पाहिले आहे, जात असत.

एक गोष्ट ते नेहमी सांगत. एक भलेमोठे जहाज पाण्यातून उडून धक्क्यावरच्या गोदामाच्या छपरावर जाऊन बसले होते. "मास्तर, कोंबडी उकिरड्यावर चढावी तसं!" आम्ही मान डोलावीत असू. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणी वाढत्या असतात, हे आम्हांस ठाऊक होते.

१९४५ च्या अखेरीस त्यांस मोकळे केले. बरोबर एक दाखला, एक शिफारसपत्र आणि हजेरीचे कार्ड दिले. परत आले तो आळीत तांबे नव्हते. लढाईने तांबे इतके महाग केले होते की सरकारने १९४३ पासून पैशाच्या नाण्याससुद्धा मध्ये भोक पाडले होते. पुढे अल्युमिनियम आले, मग स्टेनलेस स्टील आले आणि न्हाणीघरातून बंबही गेला. आजोबा कल्हई आणि डागडुजी यांवर राहिले. त्यांचे ते कागद एका पत्र्याच्या पेटीत होते. घराची भिंत बांधावयास काढली म्हणून पेटी नदीकाठी मेहुण्याच्या घरी ठेवली होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. पुढचे लिहावयास नको.

१९८८ च्या सुमारास कोणीतरी त्यांस सांगितले की युद्धकाळात काम केलेल्यांस काही वार्षिक मदत मिळते. ते आमच्याकडे आले. आम्ही मोठ्या उत्साहाने इंग्रजीत अर्ज लिहावयास बसलो. मॅट्रिकपर्यंतच्या आमच्या इंग्रजीचा आम्हांस तेव्हा थोडा अभिमान होता. त्यांनी सर्व सांगितले. आम्ही विचारपूर्वक गाळून लिहिले. छपरावरचे जहाज आम्ही गाळले. साहेबास ही थाप वाटेल आणि बाकीच्या अर्जावरचा विश्वास उडेल, असे आम्ही त्यांस समजावले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं. पण ते होतं हो तिथं."

अर्ज ज्या कचेरीत गेला तिचे नाव घेण्यात अर्थ नाही. तेथून एकदा उत्तर आले: अर्जदार सैनिक नव्हते असे दिसते, सेवेचा मूळ दाखला जोडावा. दुसऱ्यांदा उत्तर आले नाही. आम्ही त्यांस राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांची गोष्ट सांगितली होती, तिची त्यांनी तेव्हा आठवण काढली. "बाराशे वर्षं टिकलं म्हणता ना? मग दाखला मीच तांब्यावर करून मागायला हवा होता. पत्रा माझा दिला असता." आणि हसले. अर्जाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. १९९४ साली ते वारले.

त्यानंतर पाचसहा वर्षांनी एका ग्रंथालयात मुंबईच्या स्फोटासंबंधीचे एक पुस्तक सहज हाती आले. त्यात एक छायाचित्र होते. 'जलपद्म' नावाचे जहाज. त्याचा मागचा भाग पाण्यातून उचलला जाऊन धक्क्यावरील गोदामावर चढून बसलेला. खाली माणसे मुंग्यांएवढी. आम्ही ते पान किती वेळ पाहत होतो सांगता येत नाही. ग्रंथपालांनी दिवे मालवण्यास सुरुवात केली तेव्हा उठलो.

सायंकाळी आळीत गेलो. आजी होत्या, दृष्टी गेली होती. आम्ही त्यांस सांगितले की आजोबांचे जहाज पुस्तकात आहे. त्या म्हणाल्या, "आहेच की. त्यांनी सांगितलं होतं ना." आम्ही अर्जात ते लिहिले नव्हते हेही सांगावयाचे ठरवून गेलो होतो. ते बोलणे झाले नाही. त्यांनी सुनेस हाक मारून मास्तरांसाठी चहा टाकावयास सांगितला.

आता कसब्याच्या पोटातून भुयारी रेल्वे धावते. आळीत काही घरी ठोके अजून ऐकू येतात. मोठ्या हॉटेलांसाठी मठारलेले पेले आणि सुरया तेथे होतात आणि परदेशीही जातात, हे ऐकून बरे वाटते. आमच्या घरी तो जुना बंब अद्याप आहे. सुना त्यात कुंडी करावी म्हणतात, आम्ही करू दिलेली नाही. त्याच्या तोटीकडील नळीस एक वळण आहे, जागा अडचणीची म्हणून आजोबांनी दिलेले. त्यावर कोठे चिमटा नाही, सुरकुती नाही. पाहुण्यांपैकी कोणी विचारले तर आम्ही त्यांस ते दाखवितो आणि जहाजाची गोष्ट छपरासकट सांगतो.